रिओच्या पानातला रससंकोच: पेशीपटलाचं काम नीट पाहायची रीत

रससंकोचाचा, म्हणजे प्रॅक्टिकलच्या भाषेत प्लाझ्मोलिसिसचा प्रयोग जवळपास सगळेच अर्धा करून सोडतात. साखरेच्या द्रावणात पेशी आकसली, चित्र काढलं, 'परासरण सिद्ध झालं' असं लिहिलं, वही बंद. पण आकसणं हा प्रयोगाचा निम्माच भाग. आकसलेली पेशी पुन्हा पूर्ववत होते का, आणि उकळत्या पाण्यात मारलेली पेशी मुळात आकसते का, हे पाहिल्याशिवाय पेशीपटलाबद्दल, म्हणजे भिंतीच्या आतल्या पातळ आवरणाबद्दल, काहीच हाती लागत नाही. पुढच्या पायऱ्या त्या हिशेबाने लावल्या आहेत. क्रम बदलू नका, बऱ्याच चुका क्रमामुळेच होतात.

१. तयारी: आदल्या दिवशीच उरकायची कामं

पान रिओ या शोभेच्या झाडाचं घ्या. त्याची खालची बाजू जांभळी असते आणि तो रंग पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या रसाने भरलेल्या पिशवीत, विरघळलेला असतो, त्यामुळे आतला भाग आकसला की डोळ्यांना लगेच कळतं. रिओ नसेल तर लाल कांद्याच्या मांसल पाकळीची बाहेरची, रंगीत बाजू चालते. आतल्या बाजूचा पापुद्रा निघतो फार सहज, म्हणून सगळे तोच घेतात आणि मग रंगहीन पेशीत काही दिसत नाही म्हणून हैराण होतात. तोच घ्यायचा असेल तर आधी न्यूट्रल रेडच्या अगदी विरळ, साधारण ०.०१ ते ०.०५ टक्के द्रावणात दहा मिनिटं ठेवा. हा रंग विद्युतभार नसलेल्या रूपात पटलातून आत शिरतो, रिक्तिकेतल्या आम्लात त्याला भार मिळतो आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. जिवंत पेशींच्या रिक्तिका लालसर होतात.

साहित्य नेहमीचंच: स्लाइड, कव्हरस्लिप, टोकदार चिमटा, नीडल, नवं ब्लेड, ड्रॉपर, टिपकागद, झाकणाच्या छोट्या बश्या किंवा वॉच ग्लास, मोजनळी, डिस्टिल्ड वॉटर, साखर. पुढच्या टप्प्यासाठी ग्लिसरॉल आणि युरिया. रिओच्या चिकाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून हात लगेच धुवा आणि मधेच डोळे चोळू नका.

मूळ द्रावण १ मोलर सुक्रोजचं करा. सुक्रोजचं रेणुवस्तुमान ३४२, म्हणजे १०० मिलिलिटर द्रावणासाठी ३४.२ ग्रॅम साखर. साखर आधी साधारण ६० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवा आणि मग पाणी घालून एकूण आकारमान १०० मिलिलिटरवर आणा.

इथे घोडं अडतं: १०० मिलिलिटर पाणी मोजून त्यात ३४.२ ग्रॅम साखर टाकली की द्रावण १०० मिलिलिटर राहत नाही, सुमारे १२० मिलिलिटर होतं. तीव्रता १ मोलरऐवजी ०.८ च्या आसपास येते आणि पुढचे सगळे आकडे सरकतात. साखर घरगुती असली तरी चालेल, पण वजन काट्यावर करा, चमच्याने नको.

आता पातळ द्रावणं. प्रत्येकी १० मिलिलिटर हवं आहे असं धरलं तर ०.१ मोलरसाठी १ मिलिलिटर मूळ द्रावण आणि ९ मिलिलिटर पाणी, ०.२ साठी २ आणि ८, असं ०.६ पर्यंत. प्रत्येक बशीवर तीव्रता आधी लिहा, द्रावण नंतर ओता. सहा बश्या एकसारख्या रंगहीन पाण्याने भरलेल्या दिसतात, नंतर ओळखायला कुठलाच उपाय नाही. झाकणं ठेवा; उघड्या बशीतलं पाणी उडून द्रावण घट्ट होतं.

२. पापुद्रा काढणं

ताजं, ताठ पान घ्या. कोमेजलेल्या पानाच्या पेशींनी आधीच पाणी गमावलेलं असतं, तिथून सुरुवात केली तर पुढच्या आकड्यांना अर्थ नाही. शंका असेल तर पानाचा देठ तासभर पाण्यात बुडवून ठेवा.

पान जांभळी बाजू वर येईल असं धरा, ब्लेडने उथळ तिरका छेद द्या आणि चिमट्याने कड धरून पापुद्रा पानाला जवळपास समांतर ओढा. वर उचलून ओढलात तर खालचा हिरवा गर सोबत येतो. पापुद्र्याची पातळ, पारदर्शक, फिकट जांभळी कड तेवढी हवी. जाड भाग कापून टाका. पाच मिलिमीटरचा तुकडा पुरतो. मोठा तुकडा दुमडतो, आणि दुमडीत दोन थर एकावर एक आले की पेशी मोजणं अशक्य.

तुकडा क्षणभरही कोरडा राहू देऊ नका. ओढला की थेट पाण्यात.

३. पाण्यातली स्लाइड आधी, साखर नंतर

ही पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. गाळू नका. साखरेपूर्वीची पेशी पाहिलीच नसेल तर आकसली कशाच्या तुलनेत?

स्लाइडच्या मध्यावर पाण्याचा थेंब, त्यात पापुद्रा पसरून, कव्हरस्लिप एका कडेवर टेकवून नीडलने हळूहळू खाली. आधी १० पटीच्या वस्तुभिंगाखाली जागा शोधा, मग ४० पटीचं. जांभळा रंग भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेला दिसला पाहिजे. मधूनमधून हिरव्या कडेची पर्णरंध्रं आणि त्यांच्या शेजारी रंगहीन पेशी दिसतील. त्या आपल्या हिशेबात घ्यायच्या नाहीत, त्यांच्या रसाची तीव्रता वेगळी असते. सुईसारखे स्फटिक दिसले तर ते पेशीतलेच आहेत, साखरेचे नव्हेत. जाड काळ्या कडेचं गोल काही दिसलं तर तो हवेचा बुडबुडा.

तपासणी: पापुद्र्याच्या कडेच्या काही पेशी रंगहीन असतील, त्या ओढताना फाटल्या. मधला भाग निम्म्याहून जास्त रंगहीन असेल तर तुकडा फेका आणि नवा काढा.

आता एक गोष्ट मनाशी पक्की करा. पेशीपटल जेमतेम ७ ते १० नॅनोमीटर जाड असतं. साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकात साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. म्हणजे पटलाची जाडी तुम्हाला दिसणार नाही. दिसते ती जांभळ्या रसाची सीमा, आणि काटेकोर बोलायचं तर ती रिक्तिकेच्या आवरणाची सीमा. तिच्या आणि पेशीपटलाच्या मध्ये जीवद्रव्याचा पातळ थर असतो. 'मला पेशीपटल स्पष्ट दिसलं' असं वहीत लिहिलेलं वाचलं की परीक्षक पुढचा प्रश्न कुठला विचारणार, हे सांगायला नको.

४. द्रावण बदलणं: थेंब वरून नको

पेशी डोळ्यांदेखत आकसताना पाहायची असेल तर स्लाइड सूक्ष्मदर्शकावरून हलवू नका. कव्हरस्लिपच्या एका कडेला ०.६ मोलर द्रावणाचा थेंब ठेवा, समोरच्या कडेला टिपकागदाचा कपटा लावा. कागद पाणी ओढतो, द्रावण आत सरकतं. हे तीन-चार थेंबांनी करा, कारण पहिल्या थेंबाने आतलं पाणी पूर्ण बदलत नाही. नुसतं मिसळतं, आणि पेशीभोवतीची खरी तीव्रता किती हे कळेनासं होतं. कागद जोरात लावला तर पापुद्राही सोबत ओढला जातो आणि निवडलेली पेशी नजरेआड होते.

कव्हरस्लिपच्या वर थेंब टाकलात तर तो आत जातच नाही, उलट भिंगाला साखर लागते. लागलीच तर पाण्याने किंचित ओल्या केलेल्या लेन्सपेपरने त्याच क्षणी पुसा.

आता नजर एकाच पेशीवर, तिच्या कोपऱ्यांवर ठेवा. पहिल्या मिनिटभरात काही वाटणार नाही. पेशीचा ताठरपणा उतरत असतो, ती थोडी लहान होते, पण रंग भिंतीला चिकटलेलाच. मग एका कोपऱ्यात जांभळी कड सुटते आणि फिकट चंद्रकोर दिसते. दुसरा कोपरा सुटतो. काही ठिकाणी पटल भिंतीला चिकटून राहतं, म्हणून मधला भाग आत ओढल्यासारखा वाकडातिकडा दिसतो. दहा-पंधरा मिनिटांत बहुतेक पेशींत जांभळा भाग गोलसर होऊन मध्ये किंवा एका बाजूला जमतो, आणि रंग पहिल्यापेक्षा गडद होतो. पाणी गेलं, रंगद्रव्य आतच राहिलं, म्हणून गडद. हा गडदपणा वहीत नोंदवा; पटलाने रंग अडवला याचा तो साधा पुरावा आहे.

भिंत आणि आकसलेला भाग यांच्यामध्ये जी मोकळी जागा दिसते तिथे काय असतं? पोकळी नव्हे. पेशीतून निघालेलं शुद्ध पाणीही नव्हे. तिथे बाहेरचं साखरेचं द्रावणच असतं, कारण पेशीभित्तिका साखरेला अडवत नाही. अडवतं ते पटल. तोंडी परीक्षेत सर्वात जास्त चुकणारं उत्तर हेच.

५. परत आणणं, आणि घाई न करणं

आता उलट दिशा. बरेचजण थेट डिस्टिल्ड वॉटर सोडतात आणि निम्म्या पेशी फुटतात; रंग क्षणात पसरून नाहीसा होतो. कारण असं, की पेशी आकसताना जास्तीचं पटल सुरकुत्या पडून तसंच राहत नाही, त्यातला काही भाग बारीक पिशव्यांच्या रूपात आत घेतला जातो. पटल ताणून जेमतेम दोन-तीन टक्के वाढतं, त्यापुढे फाटतं. आत घेतलेला भाग परत जोडला जायला वेळ लागतो. तो वेळ द्या.

म्हणून आधी ०.३ मोलर, पाच मिनिटं थांबा, मग ०.१, पुन्हा पाच मिनिटं, मग पाणी. तीच टिपकागदाची पद्धत. जांभळा भाग फुगत जाऊन भिंतीला टेकला आणि रंग फिकट होऊन मूळ छटेवर आला, की पेशी जिवंत होती आणि पटल शाबूत होतं.

तपासणी: रंग भिंतीपर्यंत पोचला, पण स्लाइडभर जांभळट छटा पसरली आणि कडा धूसर झाल्या, तर पेशी सुधारली नाही, मेली. दोन्ही चित्रं घाईत सारखी वाटतात. खात्रीसाठी पुन्हा ०.६ मोलर सोडा: जिवंत पेशी पुन्हा आकसेल.

६. मेलेल्या पेशींची जोडी

पापुद्र्याचा एक तुकडा उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा, मग ०.६ मोलर साखरेत ठेवून पाहा. भित्तिका जशीच्या तशी, साखर तीच, पाणी तेच. पण रंग बाहेर झिरपलेला आणि आकसणं नाही. उष्णतेने पटलातली प्रथिनं बिघडली, थर विस्कटला, निवड संपली.

ही स्लाइड करायला पाच मिनिटं लागत नाहीत, तरी दहातल्या नऊ वह्यांत ती नसते. ती नसेल तर 'पटलामुळे' हा शब्द लिहायचा तुम्हाला अधिकार नाही, नुसतं 'साखरेमुळे' लिहा.

७. आकडा काढायचा असेल तर

कोणत्या तीव्रतेला निम्म्या पेशी आकसतात, ते शोधायचं. त्या तीव्रतेला पेशीचा भिंतीवरचा दाब सरासरीने शून्य होतो आणि बाहेरच्या द्रावणाची ओढ पेशीरसाच्या ओढीइतकी असते.

प्रत्येक बशीत दोन-तीन तुकडे बुडवा. तरंगू देऊ नका. तरंगणाऱ्या तुकड्याच्या एकाच बाजूला द्रावण लागतं. सगळ्या बश्यांना सारखा वेळ द्या, वीस मिनिटं. त्यासाठी तुकडे एकदम न टाकता पाच-पाच मिनिटांच्या अंतराने टाका, म्हणजे मोजायलाही तेवढंच अंतर मिळेल.

सगळ्यात महागात पडणारी चूक: बशीतला तुकडा उचलून सवयीने पाण्याच्या थेंबात ठेवणं. सूक्ष्मदर्शक जुळवेपर्यंत पेशी पाणी पिऊन पूर्ववत झालेल्या असतात, आणि ०.५ मोलरलाही 'काही बदल नाही' अशी नोंद होते. ज्या बशीतून तुकडा काढला, थेंबही त्याच बशीतला घ्या. ड्रॉपर दर वेळी धुवा.

मोजताना नियम आधी ठरवा आणि मधे बदलू नका. मी धरतो तो असा: एका कोपऱ्यात जरी पटल सुटलेलं दिसलं तरी पेशी आकसलेली धरायची. रंगहीन, फाटक्या आणि पर्णरंध्राच्या पेशी वगळायच्या. प्रत्येक तीव्रतेला वेगवेगळ्या तीन जागा आणि मिळून किमान पन्नास पेशी. 'छान दिसणारी' जागा शोधून मोजू नका. स्लाइड सरकवा आणि जे समोर येईल ते मोजा.

टक्केवारीचा आलेख काढा, आडव्या अक्षावर तीव्रता. वक्र ५० टक्क्यांना कुठे छेदतो ते वाचा. पानांच्या अपित्वचेत (बाहेरच्या पापुद्र्यात) हा बिंदू बहुधा ०.२ ते ०.५ मोलरच्या दरम्यान पडतो. तुमचा ०.१ च्या खाली किंवा ०.६ च्या वर आला तर आधी मूळ द्रावणावर संशय घ्या.

समजा ०.३ मोलर आलं. पेशीरसाची ओढ, म्हणजे त्याचं विद्राव्य विभव, काढायचं तर तीव्रता गुणिले ०.००८३१ गुणिले केल्विनमधलं तापमान. २७ अंश सेल्सियस म्हणजे ३०० केल्विन, म्हणून उत्तर सुमारे ०.७५ मेगापास्कल, आणि त्याला उणे चिन्ह. साखरेचं द्रावण घट्ट असेल तर हे सूत्र खऱ्यापेक्षा किंचित कमी आकडा देतं, पण इथे चालून जातं. साखरेऐवजी मीठ वापरलं असेल तर मात्र तेच सूत्र तसंच लावू नका. मिठाचे पाण्यात दोन आयन होतात, त्यामुळे ०.३ मोलर मीठ ०.३ मोलर साखरेपेक्षा जवळपास दुप्पट ओढतं.

८. पटल काय सोडतं, काय अडवतं

माझ्या मते हा प्रयोगाचा सर्वात रंजक टप्पा. सुक्रोज, ग्लिसरॉल आणि युरिया या तिघांची ०.६ मोलर द्रावणं करा: १०० मिलिलिटर द्रावणात अनुक्रमे २०.५, ५.५ आणि ३.६ ग्रॅम. ग्लिसरॉल घट्ट असतं, मोजनळीच्या काचेला चिकटून राहतं, म्हणून आकारमानाने न मोजता वजन करून घ्या.

एकाच पानाचे तीन तुकडे तीन द्रावणांत ठेवा आणि दर पाच मिनिटांनी नोंद करा. सुरुवातीला तिन्हीकडे पेशी आकसतात. सुक्रोजमधल्या तशाच राहतात. ग्लिसरॉल आणि युरियातल्या मात्र हळूहळू आपोआप फुगू लागतात, बाहेरचं द्रावण बदललेलं नसताना. या दोघांचे रेणू लहान, विद्युतभाराविना. ते सावकाश का होईना पटलातून आत शिरतात, आणि त्यांच्यामागे पाणी परत येतं. सुक्रोजचा रेणू मोठा आणि पाण्याशी घट्ट सलगी करणारा, त्याला मेदाच्या दुहेरी थरातून वाट मिळत नाही.

किती वेळ लागेल ते वनस्पतीवर आणि पानाच्या वयावर ठरतं. काही मिनिटांपासून तासाभराहूनही जास्त. म्हणून इथे फसगत दोन प्रकारे होते. एकदाच, अर्ध्या तासाने पाहिलं तर 'युरियाने पेशी आकसतच नाही' असा निष्कर्ष निघतो, कारण आकसून सुधारलेली पेशी आणि न आकसलेली पेशी सारखीच दिसते. आणि पहिल्या पाच मिनिटांतच थांबलात तर 'तिघांत फरक नाही' असा.

९. निष्कर्ष लिहिताना

'साखरेने पाणी ओढून घेतलं' हे बोलायला ठीक, पण लिहायचं असं: पाण्याचे रेणू दोन्ही दिशांना जात होते, बाहेर जाणारे जास्त होते. पाणी बरंचसं पटलातल्या ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या वाटांनी जातं, थोडं मेदाच्या थरातून थेट. यात पेशीची ऊर्जा खर्ची पडत नाही.

त्यामुळेच या प्रयोगावरून सक्रिय वहनाबद्दल काहीही लिहू नका. आयन कमी तीव्रतेकडून जास्तीकडे ढकलायला पेशी एटीपी हा ऊर्जा साठवणारा रेणू खर्च करते; हेच सक्रिय वहन: वनस्पतीच्या पटलात प्रोटॉन बाहेर टाकणारे पंप असतात, प्राण्यांच्या पेशीत दर फेरीला तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत घेणारा पंप. ते इथे चालूच असतात, पण तुमच्या स्लाइडवर त्यांचा माग लागत नाही. 'अतिपरासारी' (पेशीरसापेक्षा जास्त तीव्र) हा शब्दही एकट्या द्रावणाला चिकटवू नका, कशाच्या तुलनेत ते सोबत लिहा, ०.३ मोलर साखर एका पेशीला अतिपरासारी तर दुसरीला समपरासारी (तेवढ्याच तीव्रतेची) असू शकते.

चित्रात भित्तिकेला दुहेरी रेघ, आकसलेल्या भागाला एकेरी, मधल्या जागेला 'बाहेरचं द्रावण' असं नाव, आणि शेजारी तीव्रता व मिनिटं. उरलेली साखरेची द्रावणं फ्रीजमध्ये ठेवली तरी आठवड्याभरात तळाशी बुरशीचे कापसासारखे पुंजके धरतात. गढूळ दिसलं की ओतून द्या, गाळून वापरू नका.